शेजारी गेले, त्यांचे पूर्वज इथेच राहिले
(कोकणातल्या बेने इस्रायली दफनभूमी आणि आपण)

आपल्या रायगड जिल्ह्यातल्या जुन्या बायकांना विचारलंत, तर 'शनवार तेली' हा शब्द त्यांच्या कानावरून गेलेला असतो. गावात तेलाचा घाणा चालवणारी ही माणसं. इतर तेली सोमवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून ते 'सोमवार तेली'. ही माणसं मात्र शनिवारी बैल सोडून द्यायची, चूल पेटवायची नाहीत आणि कितीही गिऱ्हाईक दाराशी आलं तरी तेल काढायची नाहीत. लोकांनी त्यांना नाव दिलं शनवार तेली. ती स्वतःला म्हणवायची 'बेने इस्रायल', म्हणजे इस्रायलची लेकरं. ही कोकणातली यहुदी माणसं. बोलायची मराठी, नेसायची लुगडी, खायची भात आणि मासळी.

आज आपल्या बहुतेक गावांत त्यांचं एकही घर राहिलेलं नाही. राहिलं आहे ते एखादं बंद किंवा अधूनमधून उघडणारं प्रार्थनामंदिर, आणि गावाबाहेर झाडीत गेलेली त्यांची दफनभूमी. आजचं बोलणं या जागांविषयी आहे. या जागा कुणाच्या, त्यांचं मोल काय, आणि बचत गटातल्या बायकांचा त्यांच्याशी संबंध काय, ते बघू.

आधी त्यांची कथा ऐकूया. अलिबागच्या उत्तरेला, थळच्या पुढे आणि किहीमच्या अलीकडे नवगाव आहे. बेने इस्रायलांच्या परंपरेनुसार दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी त्यांच्या पूर्वजांचं गलबत या किनाऱ्याजवळ फुटलं. सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या वाचल्या. समुद्राने किनाऱ्यावर टाकलेली प्रेतं त्यांनी नवगावात पुरली, पुरुषांची एकीकडे आणि बायकांची एकीकडे. ते दोन उंचवटे आजही नवगावच्या दफनभूमीत दाखवतात. तिथे एक स्मारकस्तंभ उभा आहे. जगभर पसरलेली बेने इस्रायली माणसं आपलं मूळ शोधायला या जागी येतात. आपल्या बाजूचं एक छोटं गाव हे एका समाजाचं मूळस्थान आहे, हे आपल्यापैकी किती जणींना माहीत आहे?

वाचलेल्या त्या माणसांची धर्माची पुस्तकं बुडाली होती. मग धर्म टिकला कसा? त्याची एक गोष्ट त्यांच्यात पिढ्यान्पिढ्या सांगितली जाते. दावीद रहाबी नावाचे एक यहुदी विद्वान कोकणात आले. ही माणसं खरोखर यहुदी आहेत का, याची त्यांना परीक्षा घ्यायची होती. त्यांनी घरातल्या बायकांना निरनिराळी मासळी दिली आणि शिजवायला सांगितलं. बायकांनी खवले आणि पर असलेली मासळी वेगळी काढली. बाकीची बाजूला ठेवली आणि म्हणाल्या, ही आम्ही खात नाही. यहुदी धर्मशास्त्रात नेमका हाच नियम आहे. कोळंबी, चिंबोऱ्या, कालवं वर्ज्य. रहाबींची खात्री पटली. त्यांनी झिराडकर, राजपूरकर आणि शापूरकर अशा तीन घराण्यांतल्या माणसांना धर्म शिकवला, आणि पुढे हेच लोक समाजाचे काजी झाले.

गोष्ट परंपरेची आहे, पण तिच्यातलं मर्म आपल्या ओळखीचं आहे. पुस्तक बुडालं तरी बायकांच्या हातातली रीत बुडाली नाही. त्यांच्या सणांची जुनी मराठी नावं ऐका म्हणजे पटेल. वर्षाच्या पहिल्या सणाला 'नव्याचा सण', उपासाच्या मोठ्या दिवसाला 'दारफाळणीचा सण', एका सणाला 'खिरीचा सण'. जेरुसलेमचं मंदिर पडल्याच्या दुःखाचा जो दिवस श्रावणाच्या आसपास येतो, त्याला कोकणात नाव पडलं 'बिरड्याचं'. कारण त्या दिवशी घरात मोड आलेल्या वालाचं बिरडं. दुःख दूरदेशीच्या मंदिराचं, पण ताटात वाल आपल्याच शेतातले.

नवस फेडायला ते 'मलिदा' करतात. भिजवलेले पोहे, गूळ किंवा साखर, ओलं खोबरं, वेलची आणि फळं. ताट भरून मध्ये ठेवायचं आणि एलियाहू हनाबी या प्रेषिताचं नाव घेऊन प्रार्थना म्हणायची. अलिबाग तालुक्यात खंडाळ्याजवळ एक कातळ आहे. तिथून एलियाहूचा रथ स्वर्गात गेला, असं ते मानतात आणि रथाच्या चाकांच्या, घोड्याच्या टापांच्या खुणा दाखवतात. दरवर्षी जानेवारी-फेब्रुवारीच्या सुमारास तिथे ते जमायचे. त्याला म्हणायचे 'एलियाहू हनाबीचा उरूस'. यहुदी प्रेषित, कोकणातला कातळ आणि उरूस हा शब्द मुसलमान शेजाऱ्यांचा. आपली गावं अशी मिसळून राहिलेली होती.

आता आडनावं बघा. किहीमचे किहीमकर, नवगावचे नवगावकर, पेणचे पेणकर, रोह्याचे रोहेकर, अष्टमीचे अष्टमकर, दिवे आगरचे दिवेकर, चौलचे चेऊलकर, झिराडचे झिराडकर. जुन्या हिंदी सिनेमात डेव्हिड नावाचे गोल चेहऱ्याचे, प्रेमळ काका दिसायचे, 'बूट पॉलिश'मधले. त्यांचं पूर्ण नाव डेव्हिड अब्राहम चेऊलकर. मुंबईच्या कामा हॉस्पिटलचा कारभार १९२८ ते १९४७ अशी जवळजवळ वीस वर्षं ज्यांनी सांभाळला, त्या डॉक्टर जेरुशा झिराड याच समाजाच्या. ज्या काळात बायका बाळंतपणात सर्रास दगावत, त्या काळात त्यांनी स्त्रीरोगाचं आणि प्रसूतीचं काम केलं. १९६६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या नावात आपल्या अलिबाग तालुक्यातलं झिराड गाव आहे.

अठराव्या शतकात ही कुटुंबं मुंबईकडे सरकू लागली. कुणी फौजेत गेलं, कुणी सुतारकामात, कुणी कचेरीत. मुंबईत मांडवी भागात १७९६ साली सामाजी हसाजी दिवेकर यांनी त्यांचं पहिलं प्रार्थनामंदिर बांधलं. दिवेकर इंग्रजांच्या पलटणीत होते, टिपू सुलतानाच्या कैदेत सापडले आणि जिवंत सुटले, म्हणून त्यांनी हे मंदिर उभारलं असं सांगतात. यहुदी लोक त्याला सिनेगॉग म्हणतात, पण आपले कोकणी यहुदी साधेपणाने 'मशीद' म्हणायचे. मग गावोगावही अशी मंदिरं झाली. रेवदंड्याचं १८४२ चं, अलिबागच्या इस्रायल आळीतलं 'मागेन आबोथ' १८४८ चं आणि १९१० साली पुन्हा बांधलेलं, पनवेलचं १८४९ चं. तेल विकणाऱ्या, शेती करणाऱ्या माणसांनी पैसापैसा जमवून बांधलेल्या या वास्तू आहेत.

पुण्यात १८७४ साली त्यांचं एक सणाचं पुस्तक छापलं गेलं. त्यात चित्रं आहेत. बायका जमिनीवर बसून सणाची बिनखमिराची भाकरी करताहेत, एक कणीक मळते, एक लाटते, एक भाजते, आणि अंगावर आपल्यासारखीच लुगडी. आपल्या पापडाच्या गटाचा फोटो काढला तर याहून वेगळा दिसणार नाही.

मग ही माणसं गेली कुठे? १९४८ साली इस्रायल देश झाला. त्यानंतरच्या काही दशकांत बहुतेक बेने इस्रायली कुटुंबं तिकडे गेली. इथे त्यांना कुणी छळलं नव्हतं, आणि हे ते स्वतः अभिमानाने सांगतात. धर्माच्या ओढीने आणि पोटापाण्यासाठी ती गेली. १९५० च्या आसपास भारतात त्यांची संख्या वीस हजारांच्या घरात होती. आज चार-पाच हजार असेल, आणि तीही मुख्यतः मुंबई-ठाण्याकडे. महाराष्ट्र सरकारने २०१६ साली यहुदी समाजाला अल्पसंख्याक दर्जा दिला. तिकडे इस्रायलमध्येही त्यांनी मराठी सोडली नाही. 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिक त्यांनी तिथून काढलं.

जिवंत माणसं विमानाने गेली. मेलेल्यांना कोण नेणार? ती इथेच राहिली.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. आपल्यातल्या बहुतेकांच्या घरी दहन होतं. अस्थी नदीत सोडल्या की त्या जागेशी आपला संबंध संपतो. यहुदी धर्मात तसं नाही. मृतदेह धुऊन, साध्या पांढऱ्या कापडात गुंडाळून पुरतात, आणि ती जागा कायमची त्या माणसाची. कबर उकरायची नाही, हलवायची नाही, तिच्यावर दुसरं काही उभारायचं नाही. दफनभूमीत गुरं चारू नयेत आणि तिथलं गवत कमाईसाठी कापू नये, हेही त्यांच्या जुन्या शास्त्रात लिहून ठेवलेलं आहे. कबरीला भेट देणारा फुलं वाहत नाही, एक लहानसा खडा ठेवतो. बाहेर पडताना हात धुतात. हे शेवटचं आपल्याकडेही आहे, नाही का?

आता या जागांची स्थिती बघा. कोकणात तीन-चार महिने धो धो पाऊस. दोन पावसाळे कुणी फिरकलं नाही की घाणेरी आणि वेली सगळं गिळतात. वडा-पिंपळाचं एक रोप कबरीच्या फटीत रुजलं की वीस वर्षांत दगड दुभंगतो. त्यातून जुन्या कबरींवर बऱ्याचदा अक्षरच नसतं, नुसते रचलेले दगड. ज्याला माहीत नाही त्याला ते पडलेल्या गडग्याचे दगड वाटतात आणि घराच्या जोत्याला उचलले जातात. ज्यांच्यावर अक्षरं आहेत ती हिब्रूत, मराठीत, कधी इंग्रजीत. पावसाने तीही झिजत चालली आहेत. शिवाय आपल्या भागात जमिनीला आलेला भाव तुम्ही बघताच आहात. गुंठ्याला सोन्याचं मोल आलं की ज्या जागेसाठी भांडायला कुणी नाही, तिची हद्द आधी सरकते.

शहरातल्या वास्तूंकडे लक्ष गेलं आहे. मुंबईच्या फोर्ट भागातलं १८८४ सालचं निळं सिनेगॉग २०१९ साली दुरुस्त होऊन नव्याने उघडलं आणि त्या कामाला युनेस्कोचा पुरस्कार मिळाला. पुण्याचं 'लाल देऊळ' येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसतं, तिथे डेव्हिड ससून यांची कबर आहे. पण गावाबाहेरच्या राहेलबाईच्या, रिबकाबाईच्या कबरीसाठी कोण पुरस्कार देणार? तिला शेजारीच हवेत.

एका गटाच्या बैठकीत हा विषय निघाला तेव्हा एक ताई फटकन म्हणाल्या, "आमच्या वाडीला रस्ता नाही, नळाला पाणी नाही, आणि तुम्ही मेलेल्यांची काळजी करता?" प्रश्न रास्त आहे. रस्ता-पाण्याचा अर्ज मागे ठेवून हे करा, असं मी म्हणणार नाही. पण या कामाला निधी लागत नाही, वर्षातले दोन दिवस आणि एक वही लागते. आणि त्या ताईंच्याच वाडीचं बघा. त्यांची पुरण्याची जागा पिढ्यान्पिढ्यांची आहे, पण तिचा कागद कुठे आहे? ज्या जागेची नोंद नाही ती जागा आज यहुद्यांची जाते, उद्या वाडीची जाते. दफनभूमीची नोंद करायला शिकलेला गट आपलं मसणवट, आपली देवराई, आपलं गायरान यांचीही नोंद करू शकतो.

आणि एका दगडाचं मोल किती असतं, हे केरळात दिसतं. केरळातही फार जुना यहुदी समाज होता, तोही बहुतांश इस्रायलला गेला. तिथल्या चेंदमंगलम गावात सिनेगॉगसमोर एक कबरीचा दगड आहे. त्यावर हिब्रूत एका बाईचं नाव आहे, सारा, इस्रायलची मुलगी. साल इसवी सन १२६९. भारतात सापडलेल्या सर्वांत जुन्या हिब्रू लेखांत त्याची गणना होते. ती सारा कोण होती, तिला मुलं किती, ती काय रांधायची, काही कळत नाही. पण साडेसातशे वर्षांपूर्वी तिथे हा समाज नांदत होता, याचा पुरावा एका बाईच्या नावाने उभा आहे. केरळ सरकारने ते सिनेगॉग दुरुस्त करून तिथे संग्रहालय केलं. तो दगड कुणी पायरीला लावला असता तर?

सातबाऱ्यावर बायकांची नावं किती उशिरा आली, हे आपल्याला कुणी सांगायला नको. कबरीच्या दगडावर मात्र ती आधीपासून कोरलेली आहेत. आपल्या गावातल्या जुन्या बायकांचा लेखी पुरावा म्हणून तरी हे दगड वाचवायला हवेत.

मग करायचं काय? क्रमाने सांगते.

पहिलं, परवानगी. जागा आपली नाही, आपण शेजारी आहोत. जवळच्या सिनेगॉगच्या विश्वस्तांना गाठा. त्यांना न विचारता एक दगडही उचलू नका, रंग लावू नका, फरशी घालू नका. शुक्रवारी संध्याकाळपासून शनिवारी संध्याकाळपर्यंत त्यांचा विसाव्याचा दिवस असतो, तेव्हा काम ठेवू नका.

दुसरं, कागद. तलाठी कार्यालयात जाऊन त्या जागेचा सातबारा आणि नकाशा बघा. दफनभूमी म्हणून नोंद आहे का, क्षेत्र किती, चतुःसीमा काय. ग्रामसभेत विषय घ्या आणि ठरावात लिहून घ्या की या गावात ही दफनभूमी आहे आणि तिची हद्द अमुक आहे. भावना दुखावण्याच्या किंवा धर्माचा अपमान करण्याच्या हेतूने दफनभूमीत घुसणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०१ खाली गुन्हा आहे. आणि आपल्या राज्यघटनेच्या कलम ५१क मध्ये देशाच्या मिश्र संस्कृतीचा वारसा जपणं हे प्रत्येक नागरिकाचं कर्तव्य सांगितलं आहे.

तिसरं, वही. बचत गटाची हजेरी जशी ठेवतो तशीच. प्रत्येक कबरीला क्रमांक द्या, पण दगडावर लिहू नका, कागदाच्या नकाशावर लिहा. मोबाइलवर फोटो काढा. ऊन तिरपं असताना, म्हणजे सकाळी लवकर किंवा दिवस कलताना काढा. झिजलेली अक्षरं तेव्हा सावलीमुळे उठून दिसतात. अक्षरं दिसावीत म्हणून खडू, पीठ, हळद काही चोळू नका. मराठी मजकूर जसा आहे तसा उतरवून घ्या. हिब्रूचा फोटो पुरे, वाचणारे वाचतील. दगडावर ५६०० च्या पुढचा आकडा दिसला तर दचकू नका, ते यहुदी सालगणनेचं वर्ष आहे. त्यातून ३७६० वजा केले की साधारण इसवी सन मिळतं. ५६६० म्हणजे १९०० च्या आसपास.

चौथं, सफाई. पावसाळा संपून जमीन वाळली की दिवाळीनंतर एक दिवस. कोयत्याने झुडपं कापा. कबरीत रुजलेलं झाड मात्र उपटू नका, मुळाबरोबर दगड निघून येतो. ते बुंध्याशी कापा. आग लावू नका, उष्णतेने दगड तडकतो. विंचू-किरडूचं भान ठेवा, बूट घालून जा. दगड धुवायचाच असेल तर साधं पाणी आणि मऊ ब्रश. तारेचा ब्रश, ॲसिड, कपड्याची पावडर अजिबात नको. दगडावरचे पांढरट-करडे चट्टे खरवडू नका. मसाल्यातलं दगडफूल त्याच जातीचं असतं आणि ते दगडाला घट्ट धरून असतं. ओढलं तर अक्षरासकट पापुद्रा निघतो.

पाचवं, सिमेंट. हौसेने केलेली डागडुजी इथे घात करते. जुनं काम जांभ्याचं आणि चुन्याचं. चुना ओल बाहेर सोडतो. सिमेंट ओल कोंडतं, आणि कोंडलेली ओल दगड आतून फोडते. म्हणून दुरुस्ती जाणकाराकडूनच व्हावी. आपण नोंद आणि राखण करावी.

आणि सहावं, आठवणी. दगडावर नाव असतं, माणूस नसतो. माणूस अजून गावातल्या ऐंशी-नव्वदीच्या आजींच्या डोक्यात आहे. घाणा कुठे होता, त्यांच्या घरची कोण मैत्रीण होती, जाताना कोण कुणाच्या गळ्यात पडून रडलं, मलिद्याचं ताट कुणाकडे यायचं, हे सगळं विचारा आणि मोबाइलवर ध्वनिमुद्रित करा. आजींना थांबायला वेळ नाही, हे काम उद्यावर टाकू नका.

कोलकात्यात यहुदी सिनेगॉगची देखभाल कित्येक पिढ्या मुसलमान कुटुंबांनी केली आहे. तिथे यहुदी आता बोटांवर मोजण्याइतके उरले, पण दिवे पुसले जातात, लाद्या चमकतात. राखण करायला त्याच धर्माचं असावं लागत नाही, त्याच गावाचं असलं की पुरतं.

कधीतरी अश्दोदहून किंवा दिमोनाहून एखादी बाई आपल्या गावात येईल. मराठी थोडी अडखळत बोलेल. आडनाव आपल्याच गावाचं सांगेल आणि विचारेल, "माझ्या पणजीची कबर कुठे आहे हो?" तेव्हा आपल्या ग्रामसंघाच्या कपाटात ती वही असावी. पान उघडून क्रमांक सांगता यावा, आणि तिच्याबरोबर तिथपर्यंत चालत जाता यावं. तिला ठेवायला एक खडा वाटेत मिळेलच.

या महिन्याच्या बैठकीत एकच प्रश्न घ्या. आपल्या गावात, आपल्या शेजारच्या गावात शनवार तेल्यांची दफनभूमी कुठे आहे? जिला माहीत असेल तिचं नाव वहीच्या पहिल्या पानावर लिहा. काम तिथून सुरू होईल.